नमुना ख

पेशीमावशींचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पुरता विश्वास होता. एक म्हणजे फ्लास्कवर स्वतःच्या हाताने लावलेलं लेबल, आणि दुसरी म्हणजे आपण बरोबर आहोत ही खात्री. बाकीचं जग त्यांच्या मते अजून तपासून व्हायचं होतं.

एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत, त्या एकतीस वर्षं पेशी वाढवत होत्या. त्या खोलीला दोन दारं. पहिल्या दारात चपला काढायच्या, दुसऱ्या दारात हात धुवायचे, आणि आत गेल्यावर मावशी सांगतील तिथेच उभं राहायचं. मावशी शास्त्रज्ञ नव्हत्या. नेमणुकीच्या कागदावर 'तंत्र सहाय्यक' एवढंच लिहिलेलं होतं. पण शास्त्रज्ञ येत, दोन-चार निबंध छापून आणत, मोठे होऊन दुसरीकडे जात, आणि पेशी मात्र मावशींपाशीच राहत. कुठल्या काळी एका उंदराच्या मेंदूतून घेतलेल्या त्या पेशींचा वंश अजून चालू होता. सदतीस अंशांच्या उबदार कपाटात, फ्लास्कच्या तळाला चिकटून, त्या गुलाबी पाण्यावर वाढत. खाणं संपून घाण साचली की ते पाणी पिवळं पडतं. मावशींच्या हाताखाली ते एकदाही पिवळं पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच समजे, कारण मावशी ती सांगत.

पेशीमावशी हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. आपल्याला ते मुळीच आवडत नाही असं त्या म्हणत, पण चहाच्या कपावर त्यांनी तेच रंगवून घेतलं होतं.

पेशींना रविवार कळत नाही. लग्नही कळत नाही. त्यामुळे स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेनऊला मावशी संस्थेत हजर होत्या. पाहुण्यांना वाटलं, नवरा-नवरीत बिनसलं. नवरदेव प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होते की बिनसलेलं काही नाही, ती फक्त खायला घालायला गेली आहे. कोणाला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

हे नवरदेव म्हणजे मास्तर. गाडी चालवायला शिकवणारे. अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला होता. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, पण त्यांना तो फारसा लागत नसे, कारण त्यांचा आवाजच पुरे. काचा वर असल्या तरी शेजारून जाणारा सायकलवाला दचकून ब्रेक लावी. मावशी त्यांच्याकडे शिकायला म्हणून आल्या आणि परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या. तिन्ही वेळा कारण एकच. समोरचं त्यांना सगळं दिसे, अगदी पुढच्या चौकातला खड्डासुद्धा, पण आरशात बघायचं नाव नाही. गाडी सुरू करायच्या आधी मास्तर विचारत, "आरसा?" आणि मावशी म्हणत, "राहिला." चौथ्यांदा परीक्षेला बसण्यापेक्षा मास्तरांशी लग्न करणं त्यांना सोपं वाटलं असावं. परवाना आजतागायत नाही.

तर या मास्तरांचा आवाज गेला.

घसा बसला वगैरे नव्हे. घशात काही झालं नव्हतं. झालं ते असं, की एके दिवशी दोघं टॅक्सीने कुठेतरी निघाले होते. टॅक्सीवाल्याने एका हातात फोन धरून, इंडिकेटर न देता, लाल दिवा असताना गाडी वळवली. मावशींनी कानांवर हात ठेवायची तयारी केली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. जावयाने हँडब्रेक न काढता गाडी पुढे घेतली म्हणून भर रस्त्यात उतरून पायी घर गाठणारा हा माणूस, आणि आज तोंडात मूग गिळून बसला होता.

मग बाकीचंही ध्यानात येऊ लागलं. ताटात अर्धं टाकलेलं. पहाटे चारला उघडलेले आणि आढ्याला लागलेले डोळे. बोललंच तर "हं", आणि फार बोलले तर "बघू". एका शिकणाऱ्या मुलीची आई तर तक्रार घेऊन घरी आली. म्हणाली, "मास्तर रागावतच नाहीत हो. काल तिने गाडी फुटपाथवर घातली, तर म्हणाले, असू दे. अशाने मुलगी शिकायची कशी?" शेजारीण म्हणाली हवापालट करा. फोनवर लेक म्हणाली, "आई, बाबा निवृत्त झाल्यासारखे वाटतात, पण झालेले तर नाहीत." कारण शोधायला सगळे धावले आणि कारण कोणाला सापडलं नाही.

आता गंमत बघा. ज्या खोलीत मावशींनी हयात घालवली, तिथे गेली नऊ वर्षं एकाच गोष्टीवर काम चालू होतं: उदासीनतेच्या आजारावरची औषधं पेशीच्या आत नेमकं काय करतात. कोणतं प्रथिन कुठे बसतं, कुठून कुठे सरकतं, हे मावशींना तोंडपाठ होतं. तरी नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायला त्यांना सहा आठवडे लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शिवाय संस्थेत त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. ज्या औषधाच्या तपकिरी बाटल्या त्यांच्याच थंड कपाटात तिसऱ्या फळीवर रांगेत उभ्या होत्या, तेच औषध आपल्या घरात आलं हे सांगायची त्यांना लाज वाटली. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी रजेच्या अर्जावर त्यांनी लिहिलं, 'पतीची दातदुखी'. तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी कार्यालयातल्या कारकुनाने आपुलकीने एका चांगल्या दातवाल्याचा पत्ता दिला.

मास्तरांनी गोळी सहा दिवस घेतली आणि सातव्या दिवशी पाकीट बाजूला सारलं.

"काही होत नाही," ते म्हणाले.

गेल्या महिन्याभरातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य होतं. मावशी समोर खुर्ची ओढून बसल्या.

"होणार नाहीच सहा दिवसांत. ऐका. पेशीला भिंत असते. विटांची नाही, तेलकट, पातळ. तिच्यात मधेमधे घट्ट चरबीचे तराफे असतात. आता एक प्रथिन आहे, त्याचं काम बाहेरचा निरोप आत पोचवणं. ते त्या तराफ्यात रुतून बसलं की निरोप येतो दारापर्यंत, पण आत कोणी नेत नाही. तुमची ही गोळी काय करते, तर त्या तराफ्यात जाऊन साठते, आणि त्या प्रथिनाला हळूहळू तिथून बाहेर काढते. बाहेर आलं की ते कामाला लागतं."

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. "म्हणजे इंजिन चालू आहे, पण क्लच दाबून धरलाय."

"साधारण तसंच."

"आणि तुझ्याकडे किती दिवस लागतात त्याला बाहेर यायला?"

"तीन."

"मग मला सहा झाले."

"अहो, ती बशीतली पेशी आहे. तिला ना डोकं, ना गतआयुष्य. माणसाला आठवडे लागतात. तीन, चार, कधी सहा."

"हे नक्की?"

इथे मावशींनी खोटं बोलायला हवं होतं. कुठलीही शहाणी बायको बोलली असती. पण एकतीस वर्षांची सवय आडवी आली. "नक्की असं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या मॅडमचं तसं म्हणणं आहे. पुरावे बरेच आहेत. हे औषध आणखीही चार गोष्टी करतं, त्यातली मुख्य कोणती यावर वाद आहे."

"म्हणजे तुमचा वाद मिटेपर्यंत मी गोळी खायची."

"मी मोजून दाखवते," मावशी म्हणाल्या. "आठ आठवडे घ्या. मी रोज लिहीन. काही झालं नाही तर मीच ते पाकीट फेकून देईन."

मास्तरांना परीक्षेला नाही म्हणता येत नसे, मग ती कोणाची का असेना. त्यांनी पाकीट पुन्हा जवळ ओढलं.

मावशींनी वही सुरू केली. आता एखादी साधी बाई असती तर तिने नवऱ्याचं खाणंपिणं टिपून ठेवलं असतं आणि तेवढ्यावर भागवलं असतं. पण मावशींच्या मते तो प्रयोगच नव्हे. त्यांच्या खोलीत कुठलंही औषध कधी एकाच बशीत पडत नाही. शेजारी दुसरी बशी लागते, तशीच, तेवढ्याच पेशींची, त्याच कपाटातली, फक्त तिच्यात औषध नाही. तिला कंट्रोल म्हणतात. ती असते म्हणून पहिलीत झालेला फरक औषधाचा, कपाट बिघडल्याचा नव्हे, हे कळतं. तेव्हा मास्तरांच्या शेजारीही कोणीतरी हवं होतं. त्याच घरातलं, तेच जेवण जेवणारं, त्याच वयाच्या आगेमागे असलेलं, पण गोळी न घेणारं. लेक तर लांब राहत होती. घरात असा नमुना एकच होता.

मग त्यांनी रीतसर सगळं केलं. एका चिठ्ठीवर लिहिलं, 'क म्हणजे मास्तर, ख म्हणजे मी, तुलनेसाठी', चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवली आणि कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली ठेवली. वहीत फक्त क आणि ख. रकाने पाच: झोप किती तास, ताटातलं मागून किती वेळा घेतलं, आपणहून किती वेळा बोलणं काढलं, हसणं, आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा, दुसऱ्यांना नावं ठेवणं. शेवटचा रकाना कुठल्याही डॉक्टरच्या पुस्तकात नसेल, पण मास्तरांची तब्येत मोजायला त्याहून बरं माप नव्हतं. आणि संस्थेतला नियम इथेही: लिहून झालेल्या पानावर क्लिप. मागची पानं चाळायची नाहीत. चाळली की माणूस हवं ते बघू लागतो.

पहिल्या दिवशी 'नावं ठेवणं' या रकान्यात क पुढे शून्य पडलं आणि ख पुढे अकरा. त्या अकरामध्ये शेजारणीची वाळत घालायची पद्धत, बातम्या देणाऱ्या बाईचे उच्चार, आणि हातमोजे न घालता पेशींच्या कपाटाला हात लावल्याबद्दल मॅडम, या तिन्ही गोष्टी होत्या. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयाने मावशींहून बऱ्याच लहान, हुशार, आणि हातमोज्यांच्या बाबतीत सुधारण्यापलीकडच्या.

पहिले दोन आठवडे क पुढे काही हललं नाही. मास्तर गोळी घेत, वहीकडे बघत आणि गप्प बसत. मावशी मात्र त्यांच्याभोवती पहारा देत होत्या. मास्तर किती वाजता जागे झाले हे लिहायचं तर आपण जागं असायला हवं, म्हणून त्याही चारला उठत. मास्तरांनी काय खाल्लं यावर डोळा ठेवायचा, तर आपल्या ताटाकडे लक्ष कसं राहणार? जेवताना त्यांची नजर समोरच्या ताटात आणि स्वतःचा घास हातात तसाच. ख चे आकडे त्या लिहीत, अगदी इमानेइतबारे लिहीत, आणि पुढच्या क्षणी विसरत. कंट्रोलकडे कोण बघतं? तो असायला लागतो म्हणून असतो.

तेविसाव्या दिवशी दोघं बसमधून चालले होते. बसवाल्याने गिअर बदलताना असा काही कर्रकर्र आवाज काढला की उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली. चौथ्या रांगेतून एक आवाज आला.

"क्लच."

सगळी बस मागे वळली. मास्तर सरसावून बसले होते. "क्लच पूर्ण दाबा हो. गिअरबॉक्स आहे तो, पाटा-वरवंटा नाही."

मावशींनी तिथेच पर्समधून वही काढली आणि क पुढे दोन लिहिलं. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असणार. पण रात्रीच्या जेवणानंतर ख चे रकाने भरताना 'हसणं' पुढे त्यांनी शून्य लिहिलं, कारण शून्यच होतं. ओळीने नववं शून्य होतं, पण मागची पानं क्लिपखाली होती.

त्यानंतर मास्तरांची गाडी रुळावर आली. एकदम नव्हे, एक दिवस पुढे, दोन दिवस तिथेच, मधे एकदा चांगली मागेही घसरली. पण पाचव्या आठवड्यात ते सहापर्यंत झोपू लागले, सहाव्यात त्यांनी स्वतःहून ताटातलं मागून घेतलं, आणि सातव्यात त्या फुटपाथवाल्या मुलीची आई पुन्हा आली आणि मास्तर फार रागावतात म्हणून सांगू लागली. मास्तर झोपत होते तरी मावशींना चारलाच जाग येई. वही लिहायला शांतता बरी मिळते, असं त्यांनी ठरवून टाकलं. पेशींना पाणी घालताना त्या पूर्वी काहीतरी गुणगुणत, ते बंद झालं होतं. संस्थेत त्यांचा डबा दोनदा न उघडताच घरी आला. आणि एका मंगळवारी त्यांनी उबदार कपाटाचं दार उघडलं तर खालच्या फळीवरच्या चारही फ्लास्कमधलं पाणी पिवळं झालेलं. सोमवार त्यांच्या हातून निसटला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मावशी दार लावून सरळ कार्यालयात गेल्या आणि कपाटाचं तापमान बिघडलं असल्याची तक्रार लिहून आल्या. दुरुस्तीवाला आला, त्याने कपाट तपासलं, कपाट उत्तम होतं.

छप्पन्न दिवस झाले. मावशींनी क्लिपा काढल्या, आलेख काढायचा कागद घेतला, पाचही रकाने मिळून दोन पेन्सिलींनी दोन रेषा काढल्या, आणि खाली रकान्यांतले आकडे उतरवले. आकडे एका बाजूने वाचत, ठिपके टाकत, मान वर न करता. आपण काढलेला आलेख आपण वाचायचा नाही, तो ज्याला काही माहीत नाही अशा माणसाने वाचायचा, हाही नियमच. म्हणून त्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

"शेजारच्या घरातला प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "दोन नमुने. एकाला औषध दिलंय, दुसरा कंट्रोल. कोणता कोण ते सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

मॅडमनी पुढ्यातले कागद सारून जागा केली आणि त्या खुषीत आल्या. कोडं घातलं की त्या लहान मुलासारख्या होत. त्यांनी कागद हातात धरला, दूर धरला, जवळ घेतला.

"सोपं आहे. औषध क ला. पहिले अठरा-वीस दिवस सपाट, मग हळूहळू चढतोय, मधे पडलाय, परत चढलाय. असंच चढतं ते. छान आहे. माणूस बरा होतोय." मग त्यांचं बोट दुसऱ्या रेषेवर आलं आणि तिथेच थांबलं. "हा कंट्रोल?"

"हो."

"कंट्रोल सपाट असतो, मावशी."

"असतो."

"हा सपाट कुठे आहे? हा घसरतोय. पहिल्या दिवसापासून. हे बघा, झोप सातवरून चारवर. खाणं. बोलणं. हसणं तर तिसऱ्या आठवड्यापासून नाहीच. चाळिसाव्या दिवशी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, क वर जातो आणि हा त्याच्या खाली जातो." मॅडमनी चष्मा काढला. "क आता मूळ जागी आलाय, त्याची काळजी नाही. ख आजारी आहे. इतके दिवस याच्याकडे कोणी बघितलं नाही का?"

"लेबलं बदलली असतील," मावशी म्हणाल्या.

"तुमच्याकडून?"

मॅडम शेवटच्या रकान्यावर वाकल्या. "दुसऱ्यांना नावं ठेवणं. पहिल्या दिवशी अकरा. अकरा," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग उठल्या, शेजारच्या पेशींच्या खोलीत गेल्या, आणि मावशींच्या देखत, उघड्या हातांनी, हातमोज्यांच्या खोक्याला खेटून असलेलं उबदार कपाट उघडून आतला एक फ्लास्क उचलला. उजेडात धरला. परत ठेवला. मावशी दारात उभ्या होत्या. त्या बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

मॅडमनी कपाटाचं दार लावलं. "ख कोण ते मला सांगू नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "नियम आहे. पण त्याला उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या. त्याच्याबरोबर कोणीतरी जा."

वाटेत मावशी स्वतःवर मनस्वी चिडल्या. लेबलं बदलली. नक्की बदलली. घाईत क च्या जागी ख लिहिला असणार, वय झालं, निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता हे असंच होणार. घरात पाऊल टाकलं तेव्हा मास्तर फोनवर होते आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "इंडिकेटर म्हणजे शोभेचा दिवा नाही. वळायच्या आधी द्यायचा असतो, वळून झाल्यावर कळवायचं नसतं." मावशी सरळ कपड्यांच्या कपाटाकडे गेल्या, साड्या उपसल्या, पाकीट काढलं, फाडलं. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं. क म्हणजे मास्तर. ख म्हणजे मी, तुलनेसाठी.

त्यांनी ती दोनदा वाचली. लेबलं बरोबर होती. एकतीस वर्षांत चुकली नव्हती, आजही चुकली नव्हती.

मास्तर फोन ठेवून आत आले. पलंगावर साड्यांचा ढीग, आणि मधोमध बायको, हातात कागद. त्यांनी आधी चिठ्ठी वाचली, मग आलेख घेतला. चष्मा चढवून त्यांनी दोन्ही रेषा बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवत नेल्या, नकाशात रस्ता बघावा तशा.

"मला वाटलं, माझ्याकडूनच बदलली," मावशी म्हणाल्या.

"बदलली नाहीत," मास्तर म्हणाले. "पहाटे मला मधेच जाग येते, तेव्हा तू आढ्याकडे बघत असतेस. मला वाटायचं, वहीचा विचार करतेस. विचारायला हवं होतं मी."

मास्तर मावशींच्या शेजारी साड्या सारून बसले. मग त्यांनी, तीस वर्षांपूर्वी विचारत तसंच, पण त्यांच्या मानाने फारच हळू आवाजात विचारलं, "आरसा?"

"राहिला," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. आठ आठवड्यांत त्या रडल्याही नव्हत्या. रडण्याचा रकानाच वहीत नव्हता. मास्तरांना काय करावं ते सुचेना. त्यांनी एक हात बायकोच्या पाठीवर ठेवला, आणि त्यांचा पाय सवयीने पलंगाखाली आपल्या बाजूचा ब्रेक शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचं असं पुष्कळदा होतं. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, महिन्याभराने पुन्हा यायला सांगितलं, आणि गोळी लिहून दिली. नाव बघून मावशी म्हणाल्या, "ही चौथ्या फळीवर असते." रजेच्या अर्जावर कारणाच्या जागी या वेळी त्यांनी लिहिलं: 'उदासीनतेच्या आजारावर माझे उपचार. पतीचे दात उत्तम आहेत.' कारकुनाने तो अर्ज दोनदा वाचला आणि काही न विचारता शिक्का मारला. त्या आठवड्यात पेशींना मॅडमनी स्वतः पाणी घातलं. हातमोजे घालून.

वही आता मास्तरांकडे गेली. त्यांनी नवं पान काढलं, पाच रकाने आखले, आणि क व ख दोघांपुढे रोज आकडे टाकू लागले. फरक एवढाच की त्यांनी क्लिप वापरायचं सपशेल नाकारलं. रोज संध्याकाळी मागची पानं उलटून दोघांचेही आकडे ते मोठ्याने वाचून दाखवत. हे नियमात बसत नाही, असं मावशींना वाटे. पण सांगायची उमेद नव्हती, म्हणून त्या गप्प राहत, आणि मास्तर ख पुढे शून्य लिहीत.

सहाव्या दिवशी मावशींनी पाकीट बाजूला सारलं.

"काही होत नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी समोर खुर्ची ओढली, घसा साफ केला, आणि शिकवणीला बसल्यासारखं सुरू केलं. "ऐक. पेशीला भिंत असते. भिंतीत तराफे असतात. त्यातल्या एका तराफ्यावर कोणीतरी प्रथिन पार्क करून ठेवलंय, हँडब्रेक ओढून. तुझी गोळी जाते, हँडब्रेक काढते, आणि प्रथिन सुसाट सुटतं. तीन, चार, सहा आठवडे."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, दोन महिन्यांत दिसली नव्हती अशी.

"सुसाट नाही सुटत," त्या म्हणाल्या. "हळूहळू सरकतं. आणि प्रथिनाला हँडब्रेक नसतो, ते चरबीत रुतलेलं असतं. आणि गोळी आधी तराफ्यात साठावी लागते, ते तर तुम्ही गाळलंतच. तीस वर्षं एका घरात राहून एवढंही धड सांगता येत नाही तुम्हाला?"

मास्तरांनी वही ओढली, पेन उघडलं. "नावं ठेवणं. ख. एक लिहू की तीन?"

"तीन. चुका वेगवेगळ्या होत्या." मावशींनी वहीकडे बोट केलं. "आणि शेजारी लिहा, सहावा दिवस आहे. हे औषधामुळे नाही. इतक्यात होत नसतं."

"मग कशामुळे?"

"ते तपासावं लागेल," मावशी म्हणाल्या, आणि पाकीट पुन्हा जवळ ओढून त्यांनी त्या दिवसाची गोळी घेतली. मास्तरांनी ख पुढे तीन लिहिलं.